उपासनेचा पडदा आणि मराठी अक्षरे

रविवारी पहिले गीत सुरू होते, गायनमंडळी ध्रुवपदावर येते आणि पडद्यावर मात्र आधीच्या कडव्याचे शब्द तसेच राहतात. ज्यांना गीत पाठ आहे ते गात राहतात. नव्याने आलेले कुटुंब, इंग्रजी शाळेत शिकणारी मुले, गीतपुस्तक घरी ठेवून आलेली तरुण मंडळी गप्प होतात. उपासना संपल्यावर खापर सॉफ्टवेअरवर फुटते आणि पुढच्या कमिटीच्या बैठकीत एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरची मागणी येते. पण ही साधने, त्यांच्या नेहमीच्या अडचणी आणि मराठी मंडळ्यांची परिस्थिती एकत्र मांडून पाहिली तर वेगळेच दिसते. बहुतेक बिघाड सॉफ्टवेअरच्या आत नसतात. ते तारेत असतात, विंडोजच्या एखाद्या सेटिंगमध्ये असतात, आणि मराठीच्या बाबतीत फार वेळा टाइप केलेल्या गीताच्या मजकुरात असतात.

पडद्यावर गीत दाखवण्याची पद्धत संगणकाआधीची आहे. पश्चिमेत १९७० आणि ८० च्या दशकांत नव्या उपासनागीतांची लाट आली. ही गीते छापील पुस्तकांत नव्हती, म्हणून ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शक फिल्म ठेवून त्यांचे शब्द भिंतीवर दाखवले जात. १९८७ मध्ये फोरथॉट या कंपनीने मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे प्रोजेक्टर आणि लॅपटॉप आवाक्यात आले, तसे पॉवरपॉइंट चर्चमध्येही आले. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्या अजून त्यावरच काम भागवतात.

उपदेशाचे मुद्दे किंवा संडे स्कूलचा धडा दाखवायला पॉवरपॉइंट उत्तम आहे. गीतांसाठी मात्र ते अपुरे पडते, कारण त्यातल्या स्लाइड ठरलेल्या क्रमाने पुढे जातात आणि उपासना तशी जात नाही. पाळक ऐनवेळी गीत बदलतात, गायक ध्रुवपद तिसऱ्यांदा घेतात, उपदेशात अचानक रोमकरांस पत्रातले एखादे वचन निघते. अशा वेळी लांबलचक फाइलमध्ये हवी ती स्लाइड शोधणे म्हणजे चालवणाऱ्याची परीक्षाच. उपासनेसाठीची खास सॉफ्टवेअर याच गरजेतून जन्मली. त्यांचा गाभा सगळीकडे सारखाच आहे: गीतांचा एक संग्रह, बायबलचा मजकूर, त्या दिवसाच्या उपासनेचा क्रम, आणि दोन वेगळे पडदे. चालवणाऱ्याच्या पडद्यावर पुढचे सगळे दिसते, लोकांच्या पडद्यावर फक्त आत्ता गायची ओळ.

पर्याय भरपूर आहेत. अमेरिकेतल्या रिन्यूड व्हिजनचे प्रोप्रेझेंटर आधी मॅकवर वाढले. त्याची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये मॅक आणि विंडोज दोन्हींसाठी आली. अनेक पडदे, थेट प्रक्षेपण, गायकांसाठी वेगळा पडदा अशा मोठ्या मांडणीत ते अव्वल आहे. ईझीवर्शिप मुख्यतः विंडोजवर रुजले आणि शिकायला सोपे असल्याने मध्यम आकाराच्या चर्चमध्ये लोकप्रिय झाले. लोगोस हे बायबल अभ्यासाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फेथलाइफचे प्रोक्लेम क्लाउडवर चालते, म्हणून एकाच उपासनेच्या तयारीत चार जण आपापल्या घरून हात लावू शकतात. जर्मन मंडळ्यांत साँगबीमर दिसते. ही सगळी विकतची आहेत, आणि त्यांतल्या काहींचे पैसे दरवर्षी भरावे लागतात.

फुकटच्या आणि मुक्तस्रोत साधनांत ओपनएलपीचे नाव आधी घ्यावे लागते. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवकांनी चालवला आहे. आधी तो फक्त विंडोजपुरता होता, नंतर पायथॉनमध्ये नव्याने लिहिला गेला, आणि आता विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. फ्रीशो हे त्याहून नवे, दिसायला देखणे आणि तेही मुक्तस्रोत. क्वेलिया आणि ओपनसाँगही आहेत, मात्र आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दोघांपैकी एक घ्यावे. दोनशे माणसांच्या मंडळीला, एक पडदा आणि एक लॅपटॉप असताना, विकतच्या सॉफ्टवेअरमधून जे मिळेल त्यातले जवळजवळ सगळे ओपनएलपी किंवा फ्रीशोमध्ये मिळते. प्रोप्रेझेंटरचा खर्च तेव्हाच योग्य ठरतो, जेव्हा मंडळीकडे कॅमेरे आहेत, रोजचे प्रक्षेपण आहे आणि ते सांभाळणारी प्रशिक्षित तुकडी आहे. एरवी तेच पैसे चांगल्या तारेवर आणि यूपीएसवर घालावेत.

लिनक्सवर चालणे ही आज किरकोळ बाब राहिलेली नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. चर्चमध्ये दानात आलेले बरेच लॅपटॉप विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. ते भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स आणि ओपनएलपी चढवले तर रविवारचे काम आणखी काही वर्षे निभावते.

सॉफ्टवेअर ठरले की लोकांचे लक्ष त्यातल्या सुंदर पार्श्वभूमींकडे जाते. आधी मोजपट्टी घ्यावी. ५५ इंची टीव्हीच्या काचेची उंची जेमतेम २७ इंच असते. शेवटच्या रांगेतल्या माणसाचे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून जास्त नसावे, असा दृकश्राव्य क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने हा टीव्ही साडेतेरा फुटांपर्यंतच पुरतो. अक्षरे मोठी आणि ओळी कमी ठेवल्या तर बरीच सूट मिळते, तरी साठ फूट लांब चर्चमध्ये वेदीजवळ लावलेला एकच टीव्ही मागच्या निम्म्या लोकांसाठी नसल्यासारखाच. अशा ठिकाणी मध्यावर, खांबांजवळ दोन टीव्ही लावणे एका मोठ्या टीव्हीपेक्षा बरे. प्रोजेक्टरची अडचण वेगळी. आपल्याकडची उपासना सकाळी असते, खिडक्या उघड्या असतात, आणि बैठकीच्या खोलीत झगझगीत दिसणारा प्रोजेक्टर त्या उजेडात फिका पडतो. दगडी बांधकामाच्या जुन्या चर्चमध्ये पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येते. तिथे सॉफ्टवेअरमध्ये करता येण्यासारखे एकच असते: फोटोची पार्श्वभूमी काढून गडद रंगावर पांढरी अक्षरे ठेवणे.

मग तार. लॅपटॉप मागे ध्वनियंत्रणेजवळ आणि पडदा पुढे, म्हणजे तार भिंतीकडेने फिरून सहज २५ मीटर होते. साधी तांब्याची एचडीएमआय तार फुल एचडी चित्र १० ते १५ मीटरपर्यंत भरवशाने नेते. त्यापुढे चित्र लुकलुकते, मधेच काळे होते, पुन्हा येते, आणि सगळे सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय तार घ्यावी किंवा नेटवर्कच्या कॅट-६ तारेवरून चित्र नेणारी पेटीची जोडी बसवावी. एचडीबेसटी पद्धतीच्या पेट्या १०० मीटरपर्यंत जातात. दोन टीव्हींना चित्र वाटून देणारा स्प्लिटर घेताना दोन्ही टीव्ही एकाच रिझोल्यूशनचे असावेत. नाहीतर लॅपटॉप दोघांना झेपेल असे कमी दर्जाचे चित्र पाठवतो आणि अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात.

लॅपटॉपवर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडणे ही मांडणीची पहिली अट. 'डुप्लिकेट' राहिले तर चालवणाऱ्याची सगळी खिडकी, माउसचा बाण, व्हॉट्सॲपचा निरोप, सारे मंडळीसमोर. त्यानंतर सॉफ्टवेअरला सांगायचे की लोकांचा पडदा दुसऱ्या क्रमांकाचा आहे. टीव्ही आधी सुरू करावा, लॅपटॉप नंतर. उलट झाले की काही वेळा दुसरा पडदा ओळखलाच जात नाही आणि गीत चालवणाऱ्याच्याच पडद्यावर पसरते, मग बंद करायला बटणही सापडत नाही. विंडोजमधले १२५ किंवा १५० टक्के स्केलिंगही काही सॉफ्टवेअरमध्ये लोकांच्या पडद्यावरचे चित्र एका कोपऱ्यात ढकलते. ते १०० टक्क्यांवर आणून पाहावे. झोपेची वेळ, स्क्रीनसेव्हर, सूचना बंद. विंडोज अपडेटसाठी 'ॲक्टिव्ह अवर्स' अठरा तासांपर्यंत लावता येतात. रविवारची सकाळ त्यात येईल असे पाहावे.

इथवरच्या अडचणी जगातल्या कुठल्याही चर्चच्या आहेत. गोव्यातली कॅथलिक उपासना मोठ्या प्रमाणावर रोमी लिपीतल्या कोकणीत चालते, त्यामुळे तिथल्या गीतांना फाँटचा प्रश्न फारसा पडत नाही. वसईच्या धर्मग्रामांत, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, नागपूरच्या मंडळ्यांत उपासना देवनागरी मराठीत आहे, आणि खरे दुखणे तिथे सुरू होते.

मराठी चर्चच्या संगणकांत वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर साठला आहे. तो कुणी श्रीलिपीत टाइप केला, कुणी आयएसएमच्या फाँटमध्ये, कुणी कृतिदेव किंवा शिवाजीत. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे आणि आयएसएम पुण्याच्याच सी-डॅकचे. मराठी छपाईचा एक अख्खा काळ या दोघांनी तोलला. पण या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या लॅपटॉपवर फाइल उघडली की गीताच्या जागी निरर्थक चिन्हांची माळ दिसते. फाँट घातला तर दिसायला सगळे ठीक, पण शोध चालत नाही, कारण सॉफ्टवेअरला 'प्रभू' हा शब्द तिथे सापडतच नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची ओळख देणाऱ्या पद्धतीत, आणल्याशिवाय कुठलेही सॉफ्टवेअर मराठी मंडळीच्या खऱ्या उपयोगाचे नाही.

रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. रफार एका अक्षराने सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या जोडाक्षरावर जाते, 'ऱ्या' मोडतो. प्रत्येक गीत छापील प्रतीशी ताडून वाचावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि तरीही पूर्ण मांडणीतले ते सर्वांत मोलाचे आहे. मंडळीत एखादे निवृत्त शिक्षक किंवा प्रूफ वाचलेले गृहस्थ असतील तर या कामी त्यांच्याइतका उपयोग कुणाचाच नाही.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक बारीक काटा राहतो. 'दुसऱ्या' या शब्दातला र दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्त्याचा स्वतंत्र ऱ वापरला जातो, दुसरीत साध्या र नंतर हलंत आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. मजकूर एका ॲपमधून दुसरीकडे नेताना ते अदृश्य चिन्ह गळाले तर 'दुसर्या' असा रफार उमटतो आणि मराठी डोळ्याला तो लगेच खुपतो. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. ते २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम चालवत. यात भर म्हणजे येशू आणि येशु, ० ते ९ आणि त्यांची इंग्रजी रूपे. गीत क्रमांक मराठी आकड्यांत साठवला आणि चालवणाऱ्याने घाईत इंग्रजी आकडे दाबले, तर गीत संग्रहात असूनही पडद्यावर येत नाही. उपाय सोपा आहे: एकच लेखनरीत ठरवावी, ती एका कागदावर लिहून लॅपटॉपजवळ चिकटवावी, आणि जुनी गीते एकदा 'शोधा आणि बदला' करून त्या रीतीत आणावीत. आकड्यांसाठी इंग्रजी रूप साठवणे सोयीचे, कारण कळफलकावर तेच हाताशी असते.

फाँट निवडताना सौंदर्याआधी वाचनीयता. विंडोजसोबत येणारा मंगल दुरून बारीक वाटतो आणि त्यातले ल व श हिंदी वळणाचे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, गुगलचा नोटो सान्स देवनागरी आणि राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेला यशोमुद्रा हे फुकट मिळतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात, म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीतला 'पू' खालच्या ओळीच्या 'र्की'ला भिडतो. ओळींचे अंतर वाढवावे. अक्षरांमधले अंतर मात्र कधीही वाढवू नये, शिरोरेषा तुटते. अक्षराभोवती जाड कड काढण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. देवनागरीत ती प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर रेघ काढते आणि शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची दिसते. त्याऐवजी हलकी सावली द्यावी. आणि वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडत असेल किंवा हलंत उघडा दिसत असेल, तर त्या आवृत्तीला देवनागरीची जोडणीच येत नाही. अशा जुन्या आवृत्तीशी झगडण्यात अर्थ नाही, नवी घ्यावी.

मजकूर शुद्ध झाला की पुढचा प्रश्न ओळ कुठे तोडायची. इथे मराठी ख्रिस्ती गीतांचा इतिहास कामी येतो. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ओवी, अभंग, भजनाचे वळण मराठी उपासनेत आणले. त्यांच्याआधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. त्यांची आणि इतर अनेकांची रचना 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून आजही गायली जाते, आणि त्याच पुस्तकात इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतेही आहेत. दोन्ही प्रकारांची गाण्याची रीत वेगळी. इंग्रजी चालीवरचे गीत कडव्याकडव्याने सरळ जाते. भजनाच्या वळणाचे गीत प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपदाकडे परतते, पहिली ओळ दोनदा येते, शेवटी ध्रुवपद कितीदाही फिरते.

इंग्रजी गीते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले सॉफ्टवेअर आपोआप चार किंवा सहा ओळींनी स्लाइड तोडते. अभंगाचे चरण त्यात कुठेही दुभंगतात आणि यमक पुढच्या स्लाइडवर जाते. गाणाऱ्याचा श्वास जिथे थांबतो तिथे ओळ संपली पाहिजे. ओवीचे साडेतीन चरण एका स्लाइडवर, अभंगाचा एक चौक एका स्लाइडवर, श्लोकासारख्या वृत्तबद्ध रचनेत चरणागणिक एक ओळ. एका स्लाइडवर चारपेक्षा जास्त ओळी नकोत. 'मजकूर जागेत बसवण्यासाठी आपोआप लहान करा' ही सोय बंद ठेवावी. नाहीतर प्रत्येक स्लाइडवर अक्षरांचा आकार बदलतो आणि डोळे थकतात.

ओपनएलपीत गीत भरताना पहिले कडवे, ध्रुवपद, दुसरे कडवे असे भाग वेगळे ठेवून गाण्याचा क्रम एकदाच लिहिता येतो. मग ध्रुवपद एकदाच टाइप करायचे आणि ते हव्या त्या जागी येते. स्लाइडच्या कोपऱ्यात गीतपुस्तकातला क्रमांक जरूर असावा. ज्येष्ठ मंडळी हातात पुस्तक घेऊन गातात, आणि पडदा त्यांच्या पुस्तकाशी जोडलेला राहिला तर तक्रारीला जागा उरत नाही. मुंबईत मराठीखाली रोमन लिपीतही शब्द देण्याची पद्धत आहे, कारण मुलांना मराठी समजते पण वाचताना ती अडखळतात. ती पद्धत योग्यच आहे, फक्त अशा वेळी एका स्लाइडवर मराठीच्या दोनच ओळी ठेवाव्यात.

बायबलच्या मजकुराची वाट आता बरीच मोकळी झाली आहे. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनचे मराठी भाषांतर खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे, म्हणजे ते सॉफ्टवेअरमध्ये घालून दाखवायला वेगळी परवानगी लागत नाही. बायबल सोसायटीच्या भाषांतरावर मात्र तिचे हक्क आहेत आणि तो मजकूर पूर्ण घालण्याआधी विचारणे रास्त. बायबल घातल्यावर 'योहान' शोधून काहीच मिळाले नाही, तर पुस्तकांची नावे सॉफ्टवेअर इंग्रजीत शोधत आहे असे समजावे. ओपनएलपीच्या सेटिंगमध्ये नावांची भाषा बदलता येते.

उपासनेच्या ऐन वेळी पडदा काळा पडला तर शोध बाहेरून आत यावा. आधी टीव्हीला वीज आहे का, मग टीव्हीवर योग्य एचडीएमआय निवडले आहे का, मग तार दोन्ही टोकांना घट्ट आहे का, मग विंडोजला दुसरा पडदा दिसतो का, आणि सगळ्यांत शेवटी सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरमध्येही 'पडदा काळा ठेवा' हे बटण चुकून दाबलेले असणे हे कारण चांगलेच नेहमीचे आहे. पडदा पाच मिनिटांत सुरू झाला नाही, तर त्या दिवशी तो सोडून द्यावा आणि गीत क्रमांक मोठ्याने सांगावा. शब्द गेले तरी उपासना चालू राहते, पण दहा माणसे लॅपटॉपभोवती जमली की ती थांबते.

आवाजाचे एक दुखणे पडद्यासोबतच येते. एचडीएमआय तार जोडताच विंडोज आवाज टीव्हीकडे वळवते आणि मिक्सरमध्ये काहीच येत नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये हेडफोनचे आउटपुट निवडले की मिटते. चार्जर जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल, तर तो अर्थिंगचा दोष. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच वीजपट्टीवर घ्यावेत, किंवा मध्ये डीआय बॉक्स लावावा. व्हिडिओ चालत नसेल तर तो पेनड्राइव्हवरून थेट चालवला जातोय का ते पाहावे. आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यावा. नव्या फोनमधले व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी प्रकारात असतात, ते एच.२६४ प्रकारच्या एमपी४ मध्ये बदलून घेतले की बहुतेक ठिकाणी चालतात. ओपनएलपी व्हिडिओसाठी व्हीएलसी वापरते, तो बसवलेला हवा. यूट्यूबवरून थेट व्हिडिओ दाखवणे टाळावे. प्रार्थनेआधी जाहिरात सुरू होते.

२०२० च्या टाळेबंदीने प्रक्षेपणाची भर घातली. फुकटच्या ओबीएस स्टुडिओमध्ये गीताचे शब्द कॅमेऱ्याच्या चित्राखाली दोन ओळींत देता येतात, आणि ओपनएलपी व फ्रीशो दोन्ही आपला मजकूर ब्राउझरच्या वाटेने ओबीएसला पुरवू शकतात. पण इथे कायदा बदलतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत सादर करणे हा हक्कभंग नाही. तेच गीत यूट्यूबवर कायमचे ठेवणे किंवा त्याच्या प्रती काढून वाटणे त्याच सवलतीत येते असे गृहीत धरू नये.

अमेरिकेत हा धडा महागात शिकला गेला. १९८४ मध्ये गीतांच्या अनधिकृत प्रती काढल्याच्या खटल्यात शिकागोच्या कॅथलिक आर्चडायोसिसविरुद्ध ज्युरीने ३० लाख डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. अपिलात त्यातली मोठी रक्कम रद्द झाली, पण चर्च हादरले. त्याच वातावरणातून १९८८ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला क्रिश्चन कॉपीराइट लायसन्सिंग ही संस्था उभी राहिली, जी चर्चना वार्षिक परवाना देते आणि रक्कम गीतकारांना वाटते. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये स्लाइडच्या तळाशी परवाना क्रमांकाची जागा असते ती याचसाठी. टिळक आणि सांगळे यांच्या मूळ रचनांवरचे हक्क केव्हाच संपले आहेत. हयात कवींच्या नव्या मराठी गीतांचे तसे नाही, आणि त्यांचे नाव स्लाइडवर देणे हे निदान कर्तव्य आहे.

पडदाच नको असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे. पुस्तकात पूर्ण गीत एकदम दिसते, कवीचे नाव दिसते, मागचे-पुढचे कडवे दिसते. पडदा चार ओळी दाखवतो आणि पुसतो. पुस्तक घरी जाते, मृत्यूच्या घरी, लग्नघरी, शेकोटीभोवती सोबत येते. पडदा चर्चबाहेर जात नाही. हे सारे खरे आहे. तरी वाकलेल्या माना वर येतात, आवाज मोकळा सुटतो आणि पुस्तक नसलेला पाहुणा पहिल्याच दिवशी गातो, हेही तितकेच खरे. म्हणून दोन्ही ठेवावेत, आणि पडद्यामुळे पुस्तकांची खरेदी थांबवू नये.

राहिला चालवणारा. हे काम बहुधा मंडळीतल्या सर्वांत लहान, 'संगणक येणाऱ्या' मुलाकडे जाते आणि त्याला गीत माहीतच नसते. स्लाइड ओळ संपल्यावर बदलली तर उशीर झालेला असतो. शेवटच्या शब्दावर असतानाच पुढची यायला हवी, कारण वाचून मग गायचे असते. हे गीत ओठांवर असलेल्यालाच जमते. म्हणून गायनमंडळीतलाच एक जण तिथे बसावा, आणि शनिवारच्या सरावाला लॅपटॉपही उघडा असावा. किमान तीन जणांना काम येत असावे. सगळा संग्रह महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढावा आणि त्या रविवारची गीते पीडीएफ करून एका फोनमध्ये ठेवावीत.

आज प्रत्येक मराठी मंडळी तीच गीते पुन्हापुन्हा टाइप करते, त्याच चुका करते आणि त्याच दुरुस्त करते. ओपनएलपी गीते ओपनलिरिक्स या खुल्या प्रकारात बाहेर काढू देते, आणि ती फाइल इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येते. ज्यांच्याकडे हक्कमुक्त गीतांचा तपासलेला, युनिकोडमधला संग्रह तयार आहे, त्यांनी तो शेजारच्या मंडळीला द्यावा. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी येत्या रविवारच्या पाच गीतांपासून सुरुवात करावी, छापील पुस्तकाशी ताडून, एका लेखनरीतीत. संप्रदाय वेगळे असले तरी गीते बरीचशी समाईक आहेत, आणि हे काम वाटून घेतले तर कुणा एकावर त्याचा भार पडणार नाही.